रोबोच्या नकाशात ‘माहीत नाही’ला जागा ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी घरात फिरणारा दोन चाकांचा रोबो केला आहे. जमिनीपासून १८ सेंटिमीटरवर लायडर (लेसर किरण फिरवून अंतर मोजणारा सेन्सर), ९० सेंटिमीटरच्या दांड्यावर डेप्थ कॅमेरा (प्रत्येक पिक्सेलचं अंतरही देणारा), आत आरओएस २ ही रोबोंसाठीची सॉफ्टवेअर प्रणाली, नकाशासाठी स्लॅम टूलबॉक्स (स्लॅम म्हणजे फिरता फिरता नकाशा करणं आणि त्यातच आपली जागा शोधणं) आणि चालवायला नॅव्ह-२. टू बीएचकेचा नकाशा छान झाला, त्यावर बोट ठेवलं की रोबो तिथे जातो. पण जेवणाच्या टेबलाला धडकतो, मोकळ्या जागेत काहीतरी आहे असं समजून अडून बसतो, आणि ‘आजीच्या खोलीत औषधांचा डबा आहे का बघून ये’ म्हटलं तर त्या वाक्याचं पुढे काय करायचं ते सुचत नाही. शेवटी विचारलं आहे की एखादं मोठं भाषा-मॉडेल जोडलं तर रोबोला घर कळेल का.

या तीन तक्रारी वेगवेगळ्या दिसतात, पण दुखणं एकच आहे. तुमच्या रोबोकडे ‘माहीत नाही’ असं लिहून ठेवायची सोय नाही. टेबलाची फळी लायडरला कधी दिसलीच नाही, तरी ती जागा मोकळी धरली गेली. मोकळ्या जागेतला तो अडथळा कधीतरी खरा होता, पण आता तो तिथे नाही हे रोबोला कळायला वाट नाही. आणि टीपॉयवर डबा नसणं वेगळं, टीपॉयकडे अजून पाहिलेलंच नसणं वेगळं. हा फरक ज्या नोंदवहीत बसत नाही, तिच्यावर कितीही हुशार मॉडेल बसवलं तरी ते आत्मविश्वासाने चुकीचं उत्तर देईल.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, हे आधीच मान्य करतो. घरातलं सामान किती हलतं, रोबोवरचा कॉम्प्युटर किती दमाचा आहे, चूक झाली तर काय बिघडणार आहे, यावर उत्तर बदलतं. खाली दिलेले आकडे सुरुवातीचे आहेत. आपल्या रोबोवर मोजून ते बदला. आणि एकाच घरासाठी काम असेल तर काही माहिती हाताने भरण्यात कमीपणा काहीच नाही. जे टेबल वर्षभर हलत नाही, ते रोबोने स्वतः ओळखलंच पाहिजे असा हट्ट कशाला?

आधी नकाशा. तुमच्याकडे आहे ती ऑक्युपन्सी ग्रिड. हान्स मोराव्हेक आणि अल्बर्टो एल्फेस यांनी १९८५ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात ध्वनिलहरींनी अंतर मोजणाऱ्या सोनार सेन्सरसाठी ही पद्धत मांडली आणि आजही घरगुती रोबोंचं बरंचसं काम तिच्यावरच चालतं. जमिनीचे साधारण ५ सेंटिमीटरचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येकात तो व्यापलेला असण्याची शक्यता लिहायची. आरओएसमध्ये ती ० ते १०० अशी असते, आणि -१ म्हणजे माहीत नाही. नकाशा सेव्ह केला की पीजीएम चित्रात मोकळं २५४, व्यापलेलं ०, आणि माहीत नसलेलं २०५ या राखाडी छटेत जातं.

ही राखाडी छटाच पहिल्यांदा हरवते. एक तर कुणी चित्र एडिटरमध्ये उघडून ‘साफ’ करताना राखाडीवर पांढरा फिरवतं. दुसरं कारण जास्त लपलेलं आहे. नकाशासोबतच्या यामल फाइलमध्ये (सेटिंग्जची साधी मजकूर फाइल) फ्री_थ्रेश नावाचा आकडा असतो. नकाशा परत लोड होताना प्रत्येक पिक्सेलचा हिशोब होतो: २५५ मधून छटा वजा करा आणि २५५ ने भागा. २०५ साठी उत्तर येतं ०.१९६. नेहमीच्या ट्रायनरी मोडमध्ये (मोकळं, व्यापलेलं, माहीत नाही असे तीनच प्रकार) फ्री_थ्रेशपेक्षा कमी ते सगळं मोकळं धरलं जातं. तुमच्या फाइलमध्ये तो आकडा ०.२५ असेल, तर घरातला सगळा न पाहिलेला भाग लोड होताक्षणी मोकळा झाला, आणि कुठेही एरर आली नाही. तिथे ०.१९ लिहा. मग मॅप टॉपिकवरचा, म्हणजे आरओएसमध्ये नकाशा ज्या वाहिनीवरून पाठवला जातो तिच्यावरचा, एक संदेश घेऊन त्यात -१ किती आहेत ते मोजा. शून्य आले तर अजून कुठेतरी गळती आहे.

पुढच्या दोन सेटिंग्जही याच साखळीतल्या आहेत. ग्लोबल कॉस्टमॅपमध्ये (कुठून जाणं किती धोक्याचं ते सांगणारा, वाट आखण्यासाठीचा तक्ता) ट्रॅक_अननोन_स्पेस ट्रू हवं, नाहीतर -१ आलं तरी ते पुढे मोकळं होतं. आणि वाट आखणाऱ्या प्लॅनरमधलं अलाव_अननोन ट्रू असेल तर माहीत नसलेल्या भागातून वाट काढायला त्याला मुभा असते. नवीन जागा शोधत फिरायचं असेल तर ती मुभा बरोबर आहे. ठरलेल्या घरात रोज फिरणाऱ्या रोबोसाठी ती काढून घ्या. मग काही ठिकाणी जायला तो नकार देईल. त्या कोपऱ्यांत रोबो हाताने नेऊन नकाशा पुरा करा.

आता टेबल. लायडर एकाच पातळीत फिरतो. १८ सेंटिमीटरवर त्याला टेबलाचे चार पाय दिसतात आणि मधून पलीकडची भिंत दिसते, म्हणून मधली जागा मोकळी. लायडर खोटं बोलत नाही. त्या पातळीत जागा मोकळीच आहे. पण तुमचा दांडा ९० सेंटिमीटरचा आहे आणि फळी साधारण ७५ वर. शिवाय पायसुद्धा नेहमी दिसतील असं नाही. किरणांमध्ये १ अंशाचं अंतर असेल तर पावणेदोन मीटरवर दोन किरणांमध्ये ३ सेंटिमीटर जागा सुटते. म्हणजे ३ सेंटिमीटर जाडीचा खुर्चीचा पाय त्यापलीकडे एका फेरीत दिसेल, पुढच्या फेरीत निसटेल. काचेचं सरकतं दार साधारण समोरूनच दिसतं, तिरक्या कोनातून किरण आरपार जातो किंवा दुसरीकडे परावर्तित होतो. कपाटाच्या आरशात तर आणखी एक खोली दिसते आणि तीही नकाशात उतरते.

यावर दोन इलाज आहेत आणि दोन्ही एकत्र वापरावेत. जे हलत नाही, म्हणजे टेबल, काचेचं दार, आरसा, त्यांच्यासाठी नॅव्ह-२ च्या कीपआउट फिल्टरचा मास्क (रोबोने जाऊच नये अशा जागा दाखवणारं चित्र) हाताने रंगवा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि पुढचे कित्येक दिवस वाचतात. जे हलतं त्यासाठी डेप्थ कॅमेरा व्हॉक्सेल लेयरला (जागेचे छोटे घन, म्हणजे व्हॉक्सेल, पाडून अडथळे उंचीसकट नोंदवणारा कॉस्टमॅपचा थर) जोडा. इथे एक अडचण ठरलेली: त्या लेयरमध्ये एका उभ्या रांगेत जास्तीत जास्त १६ व्हॉक्सेल बसतात. उंचीचं रिझोल्यूशन ५ सेंटिमीटर ठेवलंत तर ८० सेंटिमीटरच्या वरचं काहीच दिसत नाही, आणि तुमच्या दांड्याचा वरचा भाग तिथेच आहे. ते ६ सेंटिमीटर करा, म्हणजे ९६ पर्यंत पोचाल. खालची मर्यादा ४-५ सेंटिमीटर ठेवा. त्याहून कमी केली तर चकचकीत फरशीवरचा गोंगाटच अडथळा बनतो. त्याची किंमत अशी की उंबरठा आणि दारातल्या चपला या मर्यादेखाली राहतात. म्हणून पुढचा बंपर किंवा जवळचं अंतर मोजणारा सेन्सर लागतोच. त्याचा थांबण्याचा आदेश नकाशातून न जाता थेट मोटरपर्यंत जायला हवा.

ही शेवटची गोष्ट जुनी शिकवण आहे. १९६६ ते १९७२ या काळात कॅलिफोर्नियातल्या एसआरआय या संशोधन संस्थेत बनलेल्या शेकी या रोबोकडे खोल्या, दारं आणि ठोकळे यांची तर्कशास्त्राच्या भाषेत लिहिलेली यादी होती आणि ती पाहून तो बेत आखायचा. ते जमलं, कारण त्याच्या खोल्या खास तयार केलेल्या होत्या. पुढे १९८६ च्या सुमारास एमआयटीतल्या रॉडनी ब्रुक्स यांनी उलट टोक धरलं: आठवणीतलं जग बाजूला ठेवा, समोरच्या जगालाच विचारा. आज काम करताना दोन्ही लागतं. धडक टाळायची तर सेन्सरला विचारायचं, आणि डबा कुठे ते आठवणीला. गोंधळ होतो तो हे दोन प्रश्न एकाच तक्त्याला विचारल्यावर.

मोकळ्या जागेतल्या भुतांकडे, म्हणजे आता नसलेल्या अडथळ्यांकडे, येऊ. भूत दोन जागी बसतं. नकाशा करताना कुणी उभं होतं आणि ते कायमचं छापलं गेलं असेल, तर तो डाग नकाशाच्या चित्रात दिसेल. तो पुसा, पुसायला हरकत नाही, कारण तिथे फरशी आहे हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. नकाशा स्वच्छ असूनही भूत दिसत असेल तर ते चालू कॉस्टमॅपमध्ये आहे. तिथला अडथळा पुसला जायला त्या चौकोनातून एक किरण पलीकडे जावा लागतो. म्हणून रेट्रेस_मॅक्स_रेंज (किती अंतरापर्यंत पुसायचं) नेहमी ऑब्स्टॅकल_मॅक्स_रेंजपेक्षा (किती अंतरापर्यंत लिहायचं) थोडी जास्त ठेवा, उदाहरणार्थ ३ मीटर आणि २.५ मीटर. उलटं झालं तर मधल्या पट्ट्यात अडथळे लिहिले जातात, पण पुसले जात नाहीत. आणि किरण कशालाच लागला नाही तर बरेच लायडर ‘अनंत’ असं उत्तर देतात. इन्फ_इज_व्हॅलिड फॉल्स असेल तर अशी उत्तरं फेकून दिली जातात. मग उघड्या बाल्कनीच्या दिशेला मघाशी उभा असलेला माणूस तिथून निघून गेला तरी नकाशात तसाच राहतो. ते ट्रू करा.

तुम्ही स्वतःची शक्यतांची ग्रिड लिहिली असेल तर भुताचं कारण आणखी एक असतं, आणि ते आकड्यांत पाहण्यासारखं आहे. प्रत्येक मापनात चौकोनाच्या लॉग-ऑड्समध्ये (असण्याच्या आणि नसण्याच्या शक्यतांच्या गुणोत्तराचा लॉगरिदम; शून्य म्हणजे निम्मी-निम्मी) भर किंवा घट होते. ‘दिसलं’ला ०.७ आणि ‘आरपार गेलं’ला ०.४ धरलं तर भर ०.८५ आणि घट ०.४१ येते. लायडर सेकंदाला १० फेऱ्या मारतोय आणि पाहुणे मिनिटभर दारात उभे राहिले, तर ६०० वेळा भर पडून आकडा ५०८ वर जातो. ते निघून गेल्यावर तो शून्यावर यायला साधारण १,२५० फेऱ्या लागतात, म्हणजे दोन मिनिटांहून जास्त. तोवर दार बंद! इलाज सोपा आहे: आकड्याला कमाल आणि किमान मर्यादा घाला. ऑक्टोमॅप या त्रिमितीय नकाशाच्या लायब्ररीत शक्यता ०.१२ आणि ०.९७ यांच्या पलीकडे जाऊ देत नाहीत. कमाल, म्हणजे ०.९७ चा लॉग-ऑड्स, साडेतीनच्या आसपास अडली की नऊ फेऱ्यांत, म्हणजे सेकंदाच्या आत, चौकोन परत मोकळा होतो. रोबोला पूर्ण खात्री होऊच द्यायची नाही, म्हणजे मत बदलायला जागा राहते.

इथवर झालं ते जागेचं ज्ञान. वस्तूंकडे जाण्याआधी फ्रेम्सबद्दल, म्हणजे जागा कशाच्या संदर्भात मोजायची त्याबद्दल, थोडं, कारण वस्तू चुकीच्या जागी लिहिल्या जातात त्या बहुतेक इथेच. मॅप (नकाशा), ओडोम (चाकांच्या फिरण्यावरून मोजलेली जागा) आणि बेस_लिंक (रोबो स्वतः) या तीन फ्रेम्स. ओडोममध्ये रोबोची जागा सलग बदलते, पण हळूहळू वाहवत जाते. मॅपमध्ये ती वाहवत नाही, पण मधूनच उडी मारते. म्हणून समोरचा अडथळा चुकवणं ओडोममध्ये आणि वस्तूंची आठवण मॅपमध्ये. चाकांचा हिशोब आधी नीट करून घ्या: दिशेत २ अंशांची चूक असेल तर १० मीटर गेल्यावर रोबो ३५ सेंटिमीटर बाजूला असतो. त्यासाठी मिशिगन विद्यापीठातल्या बोरेन्स्टाइन आणि फेंग यांची यूएमबीमार्क चाचणी करा. ४ मीटर बाजूच्या चौरसावर पाच वेळा घड्याळाच्या दिशेने आणि पाच वेळा उलट चालवायचं, आणि परत आल्यावर किती सरकला ते टेपने मोजायचं. दोन्ही दिशांनी मोजल्याशिवाय चाकांच्या व्यासातला फरक आणि चाकांमधल्या अंतराची चूक वेगळी ओळखता येत नाही, कारण एका दिशेत त्या एकमेकींना झाकतात.

आणि घराचा नकाशा एकदा झाला की स्लॅम बंद करा. गोठवलेल्या नकाशावर फक्त स्थान शोधा. स्लॅम चालू असताना लूप जुळला (रोबोने आधीची जागा पुन्हा ओळखली) की पूर्ण नकाशा थोडा सरकतो, पण तुम्ही लिहून ठेवलेले टीपॉयचे आकडे जुन्या जागीच राहतात.

आता डबा. कॅमेऱ्यात वस्तू ओळखली, डेप्थवरून अंतर घेतलं, मॅप फ्रेममध्ये बदललं, लिहिलं. कागदावर चार पायऱ्या आहेत. प्रत्यक्षात सगळ्यात मोठी चूक वेळेची होते. समजा ओळखायला ३०० मिलिसेकंद लागतात आणि रोबो सेकंदाला ४५ अंश वळतोय. चित्र काढलं तेव्हा आणि ओळख पटली तेव्हा यांत रोबो साडेतेरा अंश फिरला. डबा अडीच मीटरवर असेल तर तो ६० सेंटिमीटर बाजूला लिहिला जाईल, म्हणजे टीपॉयवरचा डबा सोफ्यावर. म्हणून ट्रान्सफॉर्म (एका फ्रेममधली जागा दुसरीत बदलण्याचा हिशोब) मागताना ‘आत्ताचा’ न मागता चित्राच्या हेडरमधल्या वेळेचा मागा. हे ट्रान्सफॉर्म साठवणारा टीएफ बफर एरवी १० सेकंदांचा इतिहास ठेवतो, तेवढा पुरतो. शिवाय वळण्याचा वेग सेकंदाला १५-२० अंशांपेक्षा जास्त असताना मिळालेल्या ओळखी सरळ टाकून द्या. रोबो थांबला की त्या परत मिळणारच आहेत.

अंतर घेताना चौकटीच्या मधला एकच पिक्सेल घेऊ नका. स्टीलच्या डब्यावर चकाकी आली की तिथे डेप्थ शून्य येते, आणि कडेच्या पिक्सेलमध्ये मागची भिंत मिसळते. चौकटीचा आतला अर्धा भाग घ्या, शून्यं काढा, उरलेल्यांची मध्यक किंमत घ्या. ओळखण्याबद्दलही स्पष्ट सांगतो: तयार मिळणारी बहुतेक मॉडेल्स कोको या संचातल्या ८० प्रकारांवर शिकवलेली असतात. त्यांत बाटली, खुर्ची, सोफा, पलंग आहे. औषधांचा डबा नाही. प्रोजेक्टचा विषय वस्तू ओळखणं हा नसेल तर डब्यावर ३६एच११ कुटुंबातला ५ सेंटिमीटरचा एप्रिलटॅग (कॅमेऱ्याला सहज ओळखता येणारा छापील काळा-पांढरा चौकोन) चिकटवा आणि पुढे चला. जागा, वेळ, आठवण हे कठीण प्रश्न टॅग लावूनही तसेच उरतात, आणि शिकण्यासारखं तिथेच जास्त आहे.

नोंद कशी असावी ते या एका डब्यावरच पाहू. नाव: औषधांचा डबा. जागा: मॅप फ्रेममध्ये क्ष ३.४२, य १.१०, उंची ०.४६ मीटर. जागेतली चूक: साधारण ६ सेंटिमीटर. कशावरून: टॅग क्रमांक ७, कॅमेरा. शेवटचं दिसलं: सकाळी ९.३१. त्यानंतर ती जागा शेवटची तपासली: ९.३१. असण्याची खात्री: ०.९. खात्री किती वेळात निम्मी होते: ४ तास. आठ रकाने झाले. बहुतेक प्रोजेक्ट्समध्ये यातले पहिले दोनच असतात, आणि मग सकाळची माहिती रात्री ‘आत्ताची’ म्हणून सांगितली जाते.

खात्री ओसरण्याचा वेग वस्तूगणिक ठरवा. भिंतीला तो लावूच नका. सोफ्याला काही आठवडे, खुर्चीला एक-दोन तास, मोबाइलला दहा-पंधरा मिनिटं, माणसाला काही सेकंद. ही खात्री ओसरत जाते ती ‘माहीत नाही’कडे, ‘नाही’कडे कधीच नाही. संध्याकाळी साडेपाचला डब्याची खात्री ०.२३ झाली, याचा अर्थ डबा गेला असा नाही. तो तिथेच असेल असं मानायला आता आधार उरला नाही, एवढाच.

तोच डबा पुन्हा दिसला तर नवीन नोंद करायची की जुनी सुधारायची? अंतराची एक ठरावीक मर्यादा घालण्यापेक्षा दोन्ही जागांतल्या चुकीच्या मानाने अंतर मोजा. असं मोजलेल्या, म्हणजे महालनोबिस, अंतराचा वर्ग ५.९९ च्या आत असेल तर दोन मितींसाठी ९५ टक्क्यांची कसोटी पास, तीच वस्तू धरा. टॅग असेल तर हा प्रश्नच येत नाही. सारख्या सहा खुर्च्या असतील तर रोज येतो. खुर्च्यांना वेगळी ओळख देण्याचा आग्रह मी धरणार नाही. ‘टेबलाजवळ खुर्च्या आहेत’ एवढं पुरतं.

‘टीपॉयवर’, ‘आजीच्या खोलीत’ हे संबंध मात्र लिहून ठेवू नका. विचारलं की त्या क्षणी आकड्यांवरून काढा. डब्याचा तळ टीपॉयच्या वरच्या पातळीपासून ५ सेंटिमीटरच्या आत आणि त्याची क्ष-य जागा टीपॉयच्या चौकटीत, कडेला ३-४ सेंटिमीटर सूट धरून, तर तो ‘टीपॉयवर’. लिहून ठेवलं आणि कुणी टीपॉय सरकवला, तर जागा एक सांगते आणि वाक्य दुसरंच. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात मोरित्स टेनोर्थ आणि मिखाएल बेट्झ यांनी उभी केलेली नोरॉब ही प्रणाली याच कारणासाठी बरेच संबंध प्रश्न आल्यावर मोजते. तुम्हाला पूर्ण नोरॉब बसवायची गरज नाही. पायथनमधली दहा-बारा फंक्शन्स पुरतात, पण तत्त्व तेच ठेवा.

खोल्या हाताने आखा. प्रत्येक खोलीचा बहुभुज, कोणतं दार कोणत्या खोलीला जोडतं, आणि प्रत्येक खोलीत रोबोने उभं राहायच्या दोन-तीन जागा, तोंड कुठे करायचं त्यासकट. बहुभुजाचा मध्यबिंदू काढून तिथे पाठवणं हा मोह टाळा. एल आकाराच्या स्वयंपाकघराचा मध्यबिंदू ओट्यावर येतो, कधी खोलीच्या बाहेर जातो. उभं राहायची जागा ठरवताना एकच विचार करा: इथून काय दिसायला हवं? आजीच्या खोलीत टीपॉयची वरची बाजू दिसेल अशी एक आणि पलंगाजवळचं कपाट दिसेल अशी दुसरी.

आता सगळ्यात नाजूक भाग: ‘डबा नाही’ असं रोबोने कधी म्हणावं? पीडीडीएल या बेत मांडण्याच्या भाषेवर चालणारे नेहमीचे प्लॅनर बंद जगाचा नियम पाळतात. जे खरं म्हणून लिहिलेलं नाही ते खोटं. त्यांच्या हाती तुमची नोंदवही दिली की न पाहिलेला टीपॉय रिकामा ठरतो. म्हणून प्रत्येक जागेसाठी ‘तपासलं’ हे वेगळं विधान ठेवा आणि ‘नाही’ म्हणायला तीन अटी घाला: टीपॉयची वरची बाजू कॅमेऱ्याच्या चौकटीत पूर्ण होती, मधे काही आडवं नव्हतं, आणि अंतर एवढं कमी होतं की तिथून डबा खरंच ओळखता आला असता. टॅगसाठी हे अंतर तुमच्याच कॅमेऱ्यावर मोजा. टेप लावा आणि १० पैकी ८ वेळा ओळख पटते ते अंतर लिहून ठेवा.

त्यानंतरचा हिशोब असा. असण्याची खात्री आधी ०.७ होती. डबा असताना तो दिसण्याची शक्यता ०.८, आणि नसताना उगाच दिसण्याची ०.०५. एकदा नीट पाहून दिसला नाही तर खात्री ०.३३ वर येते, दुसऱ्यांदा ०.०९ वर. मग एका सेकंदात आलेल्या ३० चित्रांनी तीसदा कमी करायची का? नाही. एकाच जागेवरून काढलेली तीस चित्रं एकच चूक तीस वेळा सांगतात: चकाकी तीच, पाण्याच्या तांब्याची आड तीच. ते एकच साक्षीदार आहेत. रोबोला ३०-४० सेंटिमीटर बाजूला सरकवून पुन्हा पाहू द्या. तो दुसरा साक्षीदार. हा नियम पाळला नाही तर डबा समोर असताना रोबो अर्ध्या सेकंदात ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. मोजणी सगळी बरोबर असते, फक्त साक्षी मोजण्यात घोटाळा असतो, म्हणून ही चूक शोधायला सगळ्यात जास्त वेळ जातो.

भाषा-मॉडेलची जागा आता दिसेल. ‘आजीच्या खोलीत औषधांचा डबा आहे का बघून ये’ या वाक्याचं ‘वस्तू: औषधांचा डबा, खोली: आजीची, काम: तपासणे’ असं रूपांतर ते उत्तम करतं. कुणी ‘गोळ्यांचा डबा’ म्हणालं, कुणी ‘आईच्या औषधांचं बघ’ म्हणालं, तरी ते सांभाळून घेतं. डबा टीपॉयवर नसेल तर पुढे कुठे शोधावं, उशाशी, कपाटात, फ्रिजजवळ, याचा क्रमही ते बरा सुचवतं. पण डबा आत्ता कुठे आहे हे त्याला ठाऊक असण्याचं कारणच नाही. त्याला तुमच्या खोल्यांची आणि वस्तूंची ठरलेली यादी द्या, यादीबाहेरचं नाव आलं तर काम सुरू न करता परत विचारा, आणि उत्तर नेहमी नोंदवहीतून घ्या. २०२२ मध्ये गूगलच्या संशोधकांनी मांडलेल्या सेकॅन या पद्धतीतही मॉडेलने सुचवलेलं पाऊल रोबोला या क्षणी जमेल का, याचा आकडा वेगळा काढून तो मॉडेलने त्या पावलाला दिलेल्या आकड्याशी गुणला जातो.

कामाचा क्रम विचाराल तर आज फ्री_थ्रेश आणि -१ ची मोजणी, मग कीपआउट मास्क आणि व्हॉक्सेलची उंची, मग यूएमबीमार्क, आणि त्यानंतरच वस्तूंची नोंदवही. प्रत्येक टप्प्यावर रॉसबॅग (आरओएसच्या संदेशांची साठवलेली नोंद) रेकॉर्ड करून ठेवा, म्हणजे सेटिंग बदलल्यावर तीच फेरी परत चालवून फरक पाहता येतो.

नोंदवही झाली की एक चाचणी घ्या. सकाळी रोबोला डबा टीपॉयवर दाखवा. तो दुसऱ्या खोलीत असताना डबा कपाटात ठेवा, आणि टीपॉयवर असा टॉवेल टाका की अर्धी बाजू झाकली जाईल. मग रोबोला विचारा, आधी न जाता आणि नंतर जाऊन. न जाता त्याने म्हणायला हवं: साडेनऊला टीपॉयवर पाहिला होता, त्यानंतर पाहिलेलं नाही. जाऊन आल्यावर: टीपॉयची उघडी बाजू पाहिली, तिथे डबा नाही, टॉवेलखालचं दिसलं नाही, कपाट बंद आहे.

‘डबा नाही’ एवढंच म्हणाला तर ‘तपासलं’ हे विधान पूर्ण टीपॉयला एकच लावलं आहे असं समजा. टीपॉयच्या वरच्या बाजूचे १० सेंटिमीटरचे चौकोन पाडा आणि प्रत्येकाला ते वेगळं लावा.